खंडेनवमी : आधी प्रत्यंचा उतरवावी

आश्विन शुद्ध नवमी म्हणजे खंडेनवमी. खंडा म्हणजे तलवार. तलवारी राजवाड्यांतून वस्तुसंग्रहालयांत गेल्या त्याला बराच काळ लोटला. पूजा मात्र थांबली नाही. ती घरातल्या विळी-कोयत्याकडे, सुताराच्या पटाशी-करवतीकडे, छापखान्याच्या यंत्राकडे आणि रिक्षाच्या हँडलकडे सहज वळली. ज्याच्या बळावर घरची चूल पेटते ते आपले शस्त्र, एवढाच भोळा आणि खरा भाव तीमागे आहे. त्याच भावाने आज ड्रिल, ग्राइंडर, मार्बल कटर आणि विजेचा रंधा ही हत्यारेही पाटावर मांडली जातात, त्यांना हळदकुंकू लागते, झेंडूची माळ पडते. या नव्या शस्त्रांच्या पूजेसंबंधी आम्हांस आज थोडे लिहावयाचे आहे. पटाशी पाटावर ठेवली की ती स्वस्थ असते. विजेचे हत्यार स्वस्थ दिसते एवढेच; भिंतीपर्यंत गेलेली वायर काढलेली नसेल, तर त्याचे सारे बळ त्याच्या दाराशी येऊन उभे असते.

विराटपर्वातील शमीच्या वृक्षाची कथा आपल्या घरोघर ठाऊक आहे. अज्ञातवासासाठी विराटनगरीत शिरण्यापूर्वी पांडवांनी आपली शस्त्रे स्मशानाजवळच्या एका शमीवर लपविली, हे लहान मूलही सांगेल. परंतु शस्त्रे झाडावर चढविण्यापूर्वी पांडवांनी काय केले, हे सांगताना कथेकरी बहुधा घाई करतात. महाभारतकाराने घाई केलेली नाही. युधिष्ठिराने आपल्या धनुष्याची प्रत्यंचा उतरविली, अर्जुनाने गांडीवाची उतरविली, मग भीमाने, नकुलाने, सहदेवाने. प्रत्येकाचा उल्लेख वेगळा आहे. नंतर नकुल स्वतः झाडावर चढला. जेथे पावसाचे पाणी पोचणार नाही अशी जागा हेरून त्याने ती धनुष्ये ठेवली आणि मजबूत दोरांनी घट्ट आवळून बांधली. एवढ्यावरही भागले नाही. कोणी परक्याने हात लावू नये म्हणून त्यांनी झाडाला एक प्रेत बांधले. दुर्गंधीनेच माणसे दूर राहतील असा त्यांचा हिशेब होता.

आम्ही हा भाग जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा त्यातील व्यवहारबुद्धीचे नवल वाटते. ज्यांच्याइतके शस्त्रकुशल पृथ्वीवर कोणी नव्हते, त्यांनी शस्त्र हातावेगळे करताना आधी त्यातील ताण काढला, मग ते कोरडे ठेवले, पक्के बांधले आणि अजाण माणसाचा हात तेथवर जाणार नाही अशी व्यवस्था केली. यंत्राजवळ लावलेली कवटी आणि दोन हाडांची पाटी आपण पाहतो, ती त्या प्रेताचीच दूरची नातलग म्हणावयास हरकत नाही. विजेच्या हत्याराची प्रत्यंचा म्हणजे त्याचा प्लग. तो सॉकेटमधून काढल्याविना त्या हत्याराची ना पूजा करावी, ना पाते बदलावे, ना ते पुसावे.

जोगेश्वरीकरांना हे सांगण्याचे विशेष कारण आहे. पश्चिमेस ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जुन्या सागवानी कपाटांपासून प्लायवूडच्या नव्या पलंगापर्यंत सारे मिळते, आणि हे सारे घडविणारे हात याच परिसरातील लहानलहान गाळ्यांतून राबत असतात. त्यांत उत्तरेकडील कारागिरांची विश्वकर्मापूजा कन्यासंक्रांतीस, म्हणजे बहुधा १७ सप्टेंबरला होते. मराठी गाळ्यांत खंडेनवमी असते. दोन्ही दिवशी त्या भागातील करकर थांबते आणि लाकडाच्या भुशाच्या वासात उदबत्तीचा वास मिसळतो.

अशाच एका गाळ्यात काही वर्षांपूर्वी आम्ही खंडेनवमीच्या पूजेस गेलो होतो. पाटावर दोन ड्रिल, एक ग्राइंडर आणि एक कटर ओळीने मांडलेले. शेजारी प्लायवूडचे टेबल. त्याच्या पोटाशी दुसरा कटर उलटा बसवून, पाते फळीच्या फटीतून वर काढलेले आणि कटरचा खटका दाबून चिकटपट्टीने कायमचा बांधून टाकलेला. हा प्रकार सुतारकामात इतका रुळला आहे की कोणास तो वावगा वाटत नाही. मालकाने तांब्यातले पाणी फुलाने शिंपडले, ओल्या कुंकवाची बोटे यंत्रांवर ओढली, माळा घातल्या. आरती झाली. मग एका उत्साही पोराने शुभशकुन म्हणून ग्राइंडरचा खटका दाबला. वायर काढलेलीच नव्हती. क्षणात माळेचा दोरा चकतीच्या आसाभोवती गुंडाळला गेला, झेंडूच्या पाकळ्या छतापर्यंत उडाल्या आणि यंत्र पोराच्या हातून निसटून पाटावर आपटले. कोणास लागले नाही. सगळे हसले. एक वृद्ध मिस्त्री मात्र हसले नाहीत. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे पेरापासून नव्हती.

प्रसाद घेताना आम्ही त्यांच्या शेजारी बसलो. बोटे लाकूड कापताना गेली असावीत, असा आमचा समज होता. ते म्हणाले, “नाही हो, कापताना माणूस सावध असतो. वीज गेली होती. म्हटलं, बसून काय करायचं, तोवर पातं बदलून घेऊ. बटण बांधलेलं, वायर तशीच. पातं सोडवतोय आणि वीज आली.”

एवढेच ते बोलले आणि पोराला जवळ बोलावून त्याच्या पानात आपला लाडू ठेवला.

पूर्वेकडील गुंफेत जोगेश्वरी मातेच्या दर्शनास आपण नवरात्रात जातो. पायऱ्या उतरून त्या शीतल अंधारात शिरताना क्षणभर थांबून भिंतीकडे पाहावे. इसवी सनाच्या सहाव्या शतकातले हे शैव लेणे. मध्ये शिवलिंगाचे गर्भगृह, सभोवार खांबांची रांग, दाराशी झिजलेले शिल्पपट. हा अवघा डोंगर माणसांनी छिन्नी आणि हातोडा यांनी पोखरला. त्या कामातही माणसे जखमी झाली असतीलच. परंतु छिन्नीचा एक गुण होता: हात थांबला की ती थांबे. तिला माणसाच्या दंडापेक्षा अधिक बळ नव्हते, आणि माणूस दचकला तर तीही दचके.

विजेच्या हत्याराने हे नाते तोडले. जर्मनीतील स्टुटगार्ट येथे फाइन यांच्या कारखान्यात १८९५ मध्ये हातात धरावयाचे विजेचे ड्रिल तयार झाले. पुढे अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीने त्याला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने ओढावयाचा घोडा दिला. त्याचे पेटंट १९१७ चे. म्हणजे आज पाटावर आपण जे ड्रिल ठेवतो, त्याची घडणच शस्त्राच्या नमुन्यावर झालेली आहे. खंडेनवमीस त्याचा मान आहे तो असा उगाच नव्हे!

आता त्या चार इंची ग्राइंडरचा वेग पाहा. त्याची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. हिशेब केला तर चकतीची कड सेकंदाला ५७ मीटरहून अधिक, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने धावत असते. जोगेश्वरी स्थानकावरून न थांबता धडधडत जाणाऱ्या गाडीचाही वेग त्याच्या जवळपास जात नाही. आणि त्या गाडीपासून आपण मुलाला पिवळ्या रेषेमागे ओढतो, ग्राइंडरपासून ओढत नाही. खटका सोडल्यावरही चकती काही सेकंद फिरत राहते. तशी ती जमिनीवर टेकविली की यंत्र पायाकडे धाव घेते.

या वेगामुळेच चकतीवर लोखंडी अर्धगोल कवच बसविलेले असते. मोठी चकती बसावी म्हणून ते कवच काढून टाकण्याची खोड आपल्याकडे फार आहे. सात इंची चकतीवर तिची मर्यादा छापलेली असते, ती सामान्यतः मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्यांच्या आसपास. तीच चकती अकरा हजार फेऱ्यांच्या यंत्रावर चढविली तर ती फुटण्याचा धोका ओढवून घेतला असे समजावे. आणि ती फुटते तेव्हा तिचे तुकडे अडविण्यास कवच जागेवर नसते. ग्राइंडरवर लाकूड कापण्याचे दातेरी पाते लावणे तर त्याहून घातक. दाता लाकडात अडकला की यंत्र उसळून थेट गळ्याकडे वा मांडीकडे येते. जे पाते ज्या यंत्रासाठी, ते त्यालाच लावावे. भीमाची गदा सहदेवाने फिरवली नाही.

वेग डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो. वीज दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. मुंबईच्या उपनगरांत १९२९ साली स्थापन झालेल्या बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनीने घरोघर वीज आणली. ती व्यवस्था हातांतून हातांत जात २०१८ पासून अदानी इलेक्ट्रिसिटीकडे आली आहे. कंपनी बदलली तरी सॉकेटातील दाब तोच, २३० व्होल्ट. साठ वॉटच्या जुन्या पिवळ्या दिव्यातून सुमारे पाव अँपिअर प्रवाह वाहतो. त्याच्या पंचविसाव्या हिश्श्याइतका प्रवाह हातातून गेला तर स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. विजेने धरून ठेवले असे आपण म्हणतो ते हेच. त्याच्या पाचव्या हिश्श्याइतका प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरत राहू शकते. घामाने भिजलेला हात आणि ओली जमीन असली की याहून कितीतरी अधिक प्रवाहाला वाट मिळते. आश्विनातील मुंबईची उकाड्याची दुपार आणि गाळ्यातली फरशी आठवून पाहावी.

पुष्कळांस वाटते की बोर्डावर फ्यूज किंवा एमसीबी आहे, तेव्हा भय नाही. हा भ्रम आहे. एमसीबी तारांचे रक्षण करते; सोळा अँपिअरची एमसीबी माणसाच्या देहातून जाणारा पाव अँपिअर ओळखतदेखील नाही. माणसाचे रक्षण करते ती ३० मिलिअँपिअरची गळतीरोधक कळ. बाजारात तिला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह ती सतत ताडून पाहते. एवढासा जरी प्रवाह वाट चुकून कोणाच्या देहातून जमिनीकडे गेला तरी क्षणार्धात वीज तोडते. तिच्यावर चाचणीचे एक छोटे बटण असते. खंडेनवमीस ते दाबून कळ पडते की नाही हे पाहण्याचा प्रघात घरोघर पडावा, असे आम्हांस मनापासून वाटते.

तीन पिनांच्या प्लगातील वरची जाड आणि लांब पीन अर्थिंगची. ती लांब अशासाठी की प्लग घालताना तिने सर्वांआधी जोडले जावे आणि काढताना सर्वांनंतर सुटावे. यंत्राच्या लोखंडी अंगात वीज उतरली तर ती माणसातून न जाता या वाटेने जाते. सॉकेट दोन भोकांचे म्हणून ही पीन कापून टाकणारे लोक आम्ही पाहिले आहेत. प्लगच काढून दोन उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात खोचणारे तर गल्लोगल्ली आहेत. काही नव्या हत्यारांना मुळातच दोन पिना असतात; त्यांच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्यांना दुहेरी आवरण आहे, अर्थिंगची गरज नाही, असे समजावे. ती खूण नसेल आणि पीनही नसेल, तर ते हत्यार भंगारवाल्यास द्यावे. वायर सोललेली असेल तेथे पट्टी गुंडाळून समाधान मानू नये. पूर्ण वायर बदलण्यास जो खर्च येतो तो पूजेच्या हारफुलांहून फारसा अधिक नसतो. एक्स्टेंशनची वायर गुंडाळी करून वापरली तर ती आतल्या आत तापते, म्हणून ती पुरती उलगडावी, आणि दारातल्या पाण्यातून नेऊ नये.

डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर चांगली पट्टी हवीच, त्याविषयी फार सांगत नाही. लाकडाचा भुसा निरुपद्रवी वाटतो, परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना निश्चित कर्ककारक पदार्थांत केलेली आहे, एवढे लक्षात असावे. ग्रॅनाइट आणि भिंती कापताना उडणारी धूळ फुप्फुसात कायमची बसते.

ज्यांच्या घरी गाळा नाही त्यांनी हे वाचून पान उलटू नये. घटस्थापनेपूर्वी देव्हाऱ्यावर फळी ठोकण्यासाठी, दिवाळीत कंदिलाचा हूक बसविण्यासाठी शेजाऱ्याचे ड्रिल मागून आणले जाते आणि स्टुलावर चढून जावई किंवा कॉलेजातला मुलगा भिंतीला भोक पाडतो. बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि बाजूस आडव्या रेषेत भिंतीच्या पोटातून तारा गेलेल्या असतात. त्या रेषा टाळाव्यात; शंका असल्यास मेन स्विच बंद करून बॅटरीचे ड्रिल वापरावे. बॅटरीच्या हत्यारास वायर नसते म्हणून ते निर्धोक, असेही मानू नये. त्याची प्रत्यंचा म्हणजे ती बॅटरी. काम संपताच तीच काढून ठेवावी.

एक नाजूक गोष्ट उरली. नवरात्रात देवीच्या देवळातून आणलेला दोरा मनगटावर असतो. राखीचा गोंडाही कित्येकांच्या हातावर दसऱ्यापर्यंत राहतो. श्रद्धेने बांधलेला दोरा काढा म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही. परंतु फिरत्या ड्रिलला दोरा सापडला तर तो तुटत नाही, हाताला आत ओढतो. सुती हातमोजे, गळ्यातला गमछा, लोंबती बाही, बायकांचा पदर व मोकळे केस यांचेही तसेच. काम करण्यापूर्वी दोरा सोडून देव्हाऱ्यात देवीपुढे ठेवावा, काम झाल्यावर पुन्हा बांधावा. जिने मुलाच्या रक्षणासाठी तो दिला, ती आई यावर रागावणार नाही, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही.

पूजा कशी करावी, तेही सांगतो. अष्टमीच्या रात्री सर्व हत्यारांचे प्लग काढावेत. कोरड्या फडक्याने आणि ब्रशाने भुसा झाडावा. पाणी, रॉकेल वा ओले फडके लावू नये. पाती, चकत्या उतरवून त्यांना चीर आहे का पाहावे. पाट सॉकेटापासून दूर मांडावा. वायरीची वेटोळी यंत्रापुढे ठेवून प्लग सर्वांत पुढे, सर्वांना दिसेल असा ठेवावा, आणि पहिले कुंकू त्याला लावावे. कुंकू कोरडे, अक्षता कोरड्या. यंत्राच्या अंगाला हवा जाण्याच्या फटी असतात, त्यांत कण जाऊ देऊ नये. प्रोक्षण करावयाचे ते पाटाभोवती करावे. माळ यंत्राला न घालता पाटाला घालावी. निरांजन भुशापासून आणि पॉलिशच्या डब्यांपासून लांब असावे. लाकडाच्या बाजारात आग काय करते हे वेगळे सांगावयास नको. दसऱ्याला यंत्र सुरू करण्यापूर्वी माळा, अक्षता उचलल्या की नाही हे दोघांनी पाहावे.

इतके करूनही प्रसंग ओढवलाच, तर विजेने धरलेल्या माणसाला हात लावू नये. आधी मेन स्विच पाडावा. ते जमले नाही तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करावे. शुद्ध नसेल आणि श्वास चालत नसेल तर एकाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोराने दाब देण्यास लागावे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत न थांबता. ही रीत १९६० साली जगापुढे मांडणाऱ्यांत विल्यम कूवेनहोव्हेन होते, आणि ते डॉक्टर नव्हते, वीजशास्त्राचे अभियंता होते. बोट तुटले तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबावे. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट उघडे बर्फात वा पाण्यात टाकू नये. जोगेश्वरी पूर्वेस द्रुतगती महामार्गालगत महापालिकेचे ट्रॉमा केअर रुग्णालय आहे. हळद भरून घरी बसण्यात वेळ दवडू नये.

त्या गाळ्यातून निघताना मिस्त्रींनी आम्हांस आपले ड्रिल दाखविले होते. पाते आवळण्याची चावी त्यांनी वायरीलाच, प्लगपासून चार बोटांवर, सुतळीने बांधली होती. सुतळी इतकी आखूड की प्लग भिंतीतून काढून हातात घेतल्याविना चावी पात्यापर्यंत पोचणारच नाही. “आता वीज येवो, जावो,” ते म्हणाले, आणि त्यांनी त्या पोराला हाक मारली. त्याच्या ग्राइंडरचा पाना सुतळीने बांधावयास ते बसले, तेव्हा पाटावरची समई अजून तेवत होती.